ईरी सरोवरातल्या वॉलआयसाठी रीळ कोणतं, दोरी कोणती?

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा. मांस पांढरं, काटे कमी, त्यामुळे रव्यात घोळून तव्यावर तळायला फार चांगला. ईरी सरोवराच्या काठी राहणाऱ्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न बहुतेक ट्रोलिंगचे आहेत, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेण्याचे.

प्रश्न : आतापर्यंत किनाऱ्यावरून स्पिनिंग रिळानं मासे धरले. यंदा मित्राच्या बोटीतून ट्रोलिंग करायचं आहे. लाइन काउंटरचंच रीळ लागतं का? एक भारीचं घ्यावं की साधी चार? (क्लीव्हलँड)

उत्तर : लाइन काउंटर, म्हणजे किती फूट दोरी सुटली ते दाखवणारं रीळ, घ्याच, आणि साधी का होईना, चारही एकाच मॉडेलची घ्या. सरोवराच्या पश्चिम भागाची सरासरी खोली २४ फूट आहे, तुमच्या क्लीव्हलँडसमोरच्या मध्य भागाची साधारण ६०. उन्हाळ्यात तिथला वॉलआय बऱ्याचदा तळाशी नसतो, मधल्याच एखाद्या थरात तरंगत असतो. क्रँकबेट (ओढलं की खाली बुडी मारणारं माशाच्या आकाराचं नकली आमिष) किती खोल जाणार हे मुख्यतः मागे सोडलेल्या दोरीवर ठरतं. ७० फूट दोरीवर एक मासा लागला तर दुसरा गळही त्याच थरात न्यायला हवा, आणि अंदाजानं सोडलेल्या दोरीला ते जमत नाही.

आकाराचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. ओकुमाचं २० क्रमांकाचं किंवा दाइवा सीलाइनमधलं २७ क्रमांकाचं रीळ वॉलआयला पुरतं. सॅल्मनसाठीची थोराड रिळं घेऊ नका, दिवसभर हाताळून मनगट भरून येतं. गिअर ४ ते ५ ला १ असावा, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्याला स्पूलचे (दोरी गुंडाळायच्या चक्रीचे) ४ ते ५ फेरे. फार वेगानं गुंडाळणाऱ्या रिळानं पाण्याचा रोध असलेला प्लॅनर बोर्ड (गळ बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) ओढून आणणं जड जातं.

दुकानात एकच गोष्ट नीट तपासा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळातला ब्रेक, हलका ठेवून दोरी हातानं सावकाश ओढा. ती सलग सुटली पाहिजे. थांबून झटक्यानं सुटत असेल, तर ते रीळ कितीही चकचकीत असलं तरी परत ठेवा. पैसे मोजायचे ते या ड्रॅगसाठी. डावखुऱ्यांनी डाव्या मुठीचं मॉडेल मिळतं का ते आधीच विचारावं, प्रत्येक मॉडेलमध्ये ते नसतं.

प्रश्न : दोन्ही रिळं एकाच कंपनीची, दोन्हींवर १०० चा आकडा, गळही सारखाच. तरी एक तळाला घासतो आणि दुसरा वरच राहतो. काउंटर बिघडला असेल का? (नोव्हाय, मिशिगन)

उत्तर : काउंटर बहुधा ठीक आहे. तो दोरी मोजत नाही, स्पूलचे फेरे मोजतो, आणि स्पूल काठोकाठ भरलेला आहे असं धरून त्यांचे फूट करतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर एका फेऱ्याला १५७ मिलिमीटर दोरी सुटते. दोरी कमी भरल्यामुळे तोच व्यास ४० झाला, तर फेऱ्याला सुटते १२६. म्हणजे आकडा १०० चा आणि पाण्यात दोरी ८० फूट! तुमच्या दोन रिळांपैकी एकावर दोरी कमी आहे किंवा वेगळ्या जाडीची आहे. गेल्या वर्षी कुठे अडकून पन्नासेक फूट तुटली असेल, तरी फरक पडतो.

सगळं उलगडून दोन्ही पुन्हा भरा. तळाशी स्वस्त मोनोची (एकाच धाग्याच्या नायलॉन दोरीची) भर आणि वर मुख्य दोरी. भर किती हे बिनचूक कळण्यासाठी उलटं काम करा. रिकाम्या रिळावर आधी मुख्य दोरी गुंडाळा, तिला भरीची मोनो जोडा आणि स्पूलच्या कडेखाली ३ मिलिमीटर उरेपर्यंत भरा. मग हे सगळं दुसऱ्या, तशाच रिकाम्या रिळावर ओढून घ्या. भर आपोआप तळाशी जाते. त्या वेळी भर संपताना दुसऱ्या रिळाचा काउंटर किती दाखवतो ते लिहून ठेवा. पहिल्या रिळावर तेवढ्याच आकड्यापर्यंत भर घाला.

गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यात चिमटीनं धरा आणि दोन्ही वेळा ताण सारखा ठेवा. सैल गुंडाळलेली मोनो जास्त जागा खाते आणि पहिला मोठा मासा लागला की आत रुतते. शेवटी अंगणात १०० फुटी टेप पसरून दोन्ही रिळांची दोरी तेवढी ओढा. आकडा ९६ आला तर ९६ म्हणून रिळावरच मार्करनं लिहा. दोन्हींवर सारखाच येत असेल तर शंभरच यायला हवा असं काही नाही. बोटीवर शून्य करतानाही एकच पद्धत ठेवा. आमिष पाण्याला टेकलं की शून्य, दरवेळी.

प्रश्न : मोनो की ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी? दुकानदार ब्रेडेडच घ्या म्हणतो. (टोलेडो)

उत्तर : कशामागे ओढणार यावर ते ठरतं. गळ बोटीपासून बाजूला नेणाऱ्या प्लॅनर बोर्डासाठी आमचं मत मोनोच्या बाजूचं, १० ते १२ पौंडी (तेवढा ताण सोसणारी). लाट बोर्डाला हिसका देते तो मोनोच्या ताणात जिरतो, माशाच्या तोंडापर्यंत पोचत नाही. बोर्डाच्या चिमट्यातही मोनो घट्ट बसते. ब्रेडेड बारीक आणि गुळगुळीत, ती चिमट्यातून घसरते आणि आमिषापर्यंतचं अंतर तुमच्या नकळत बदलतं. ती वापरायचीच असेल तर चिमट्याभोवती दोन वेढे द्या किंवा ब्रेडेडसाठी बनवलेला चिमटा लावा.

खोलीचे जे तक्ते मिळतात ते बहुधा १० पौंडी मोनो धरून केलेले असतात, तिची जाडी साधारण ०.३० मिलिमीटर. १० पौंडी ब्रेडेड त्याच्या निम्मी. पाण्याचा रोध कमी झाला की तेच आमिष तेवढ्याच दोरीवर आणखी खोल जातं. उथळ पश्चिम भागात एवढ्यानं गळ तळाला लागतो. म्हणून एका बोटीवर दोन्ही प्रकार मिसळू नका, निदान एकाच बाजूला तरी नको.

डिप्सी डायव्हरचं, म्हणजे आमिष खाली आणि बाजूला नेणाऱ्या चकतीचं, गणित उलटं. त्याला ३० पौंडी ब्रेडेडच हवी. डायव्हर वर घ्यायचा तर झटका देऊन त्याची कळ सोडवावी लागते. १५० फूट मोनो बाहेर असली की तो झटका ताणातच विरतो, कळ सुटत नाही आणि पाण्याच्या पूर्ण रोधासकट डायव्हर ओढत आणावा लागतो. डायव्हर आणि आमिष यांच्यामध्ये लीडर म्हणून ६ ते ८ फूट फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी दोरी) लावा, १५ ते २० पौंडी. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये या सरोवरांत आढळले आणि पुढे पाणी बरंच निवळलं, त्यामुळे आमिषाजवळ दिसणारी दोरी नको. लीडर काठीच्या लांबीपेक्षा मोठा केलात तर मासा जाळ्याच्या टप्प्यात येणार नाही, कारण डायव्हर काठीच्या टोकाशी अडतो.

ब्रेडेडखाली मोनोची भर लागतेच, नाहीतर सगळा गठ्ठाच स्पूलवर गरागरा फिरतो. भर किती? दोरी जागा खाते ती लांबी गुणिले जाडीचा वर्ग या हिशेबानं; रिळाच्या एकूण जागेतून ब्रेडेडची जागा वजा करा. रिळात ०.३५ मिलिमीटरची मोनो ३०० यार्ड मावते आणि वर ०.२८ ची ब्रेडेड २०० यार्ड हवी आहे असं धरा. मग तळाशी तीच मोनो साधारण १७० यार्ड.

प्रश्न : लेडकोअर घ्यावी का? (मिसिसागा)

उत्तर : पहिल्या वर्षी नको. शिशाचा गाभा असलेली ही दोरी दर १० यार्डांना रंग बदलते आणि ताशी २ मैलांच्या आसपास एका रंगाला ढोबळमानानं ५ फूट खाली जाते. वेग कमी केला की आणखी खाली, वळताना आतल्या बाजूची तर फारच. तिला जाड स्पूलचं वेगळं रीळ लागतं.

प्रश्न : मासा बोटीजवळ येतो आणि जाळ्यात घ्यायच्या वेळी सुटतो. दरवेळी. (सँडस्की)

उत्तर : ड्रॅग घट्ट आहे. वॉलआयच्या जबड्याभोवतीची कातडी पातळ असते, गळ तिला भोक पाडतो आणि ते भोक ओढीबरोबर मोठं होत जातं. दूरवर असताना दोरीचा ताण झटके झेलतो. शेवटच्या १५ फुटांत झेलायला दोरीच उरत नाही. स्प्रिंगकाट्यावर मोजून ड्रॅग २ ते २.५ पौंडांवर लावा, १० पौंडी दोरीला तेवढा पुरे. मासा दिसू लागला की तो पाव फेरा आणखी सैल करा. काठी वर-खाली पंप करू नका, वाकलेली ठेवून सावकाश गुंडाळा. बोर्ड काढताना दोरी क्षणभरही ढिली पडू देऊ नका, आणि त्यासाठी बोट पूर्ण थांबवू नका, वेग फक्त कमी करा.

एवढं करूनही ड्रॅग अडखळत असेल तर हिवाळाभर तो आवळलेलाच राहिला होता का ते पाहा. दबलेल्या चकत्या पुन्हा सरळ होत नाहीत. मोसम संपला की ड्रॅग पूर्ण सैल करा, दोरी स्पूलवर सारखी पसरवणारा स्क्रू जुन्या टूथब्रशनं घासून त्यावर पातळ तेलाचा एक थेंब टाका, आणि रीळ ओल्या फडक्यानंच पुसा. जोराच्या धारेखाली धुतलंत तर काउंटरच्या काचेत वाफ साचते.