गाडीतल्या एसीचं बटण दाबलं तरी कॉम्प्रेसर चालू का होत नाही?

बटण दाबलं की कॉम्प्रेसरला थेट करंट जात नाही. ती फक्त ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे, केलेली मागणी असते. ईसीयू आधी गॅसचं प्रेशर, कूलिंग कॉइलचं तापमान आणि इंजिन किती तापलंय ते बघतो. सगळं ठीक असेल तरच तो रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढतो, रिलेतून कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या क्लचच्या कॉइलला १२ व्होल्ट मिळतात आणि बॉनेटखालून 'टक्' असा आवाज येतो. पुली तर इंजिनसोबत कायम फिरतच असते, या टक् नंतर तिच्या पुढची प्लेटही फिरू लागते आणि कॉम्प्रेसर चालू होतो.

कूलिंग कॉइल शून्य अंशाच्या जवळ गेली की बर्फ धरू नये म्हणून क्लच सुटतो. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरही बऱ्याच गाड्यांत तो काही क्षण सुटतो, हा बिघाड नव्हे.

'टक्' ऐकूच येत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि गॅसचं प्रेशर तपासून घ्या. कृपा करून क्लचला डायरेक्ट वायर जोडून गाडी चालवू नका. ऑइल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस कमी असताना कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो.

काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. तिथे ईसीयू कंट्रोल व्हॉल्व्हने पिस्टनचा स्ट्रोक (मागेपुढे सरकण्याचं अंतर) कमीजास्त करतो, म्हणून आवाजाची वाट बघू नका.