इंग्लंडमधल्या जुन्या विटांच्या फार्महाउसचं वय बाहेरून कसं ओळखायचं?

पुढच्या महिन्यात अशा घरात मुक्काम आहे म्हणताय, तर एकच सांगतो: दर्शनी भिंतीवर विसंबू नका.

माझी फजिती तिथेच झाली. सफोकमधल्या एका शेतघराचा लाल विटांचा रेखीव दर्शनी भाग, दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, हे पाहून मी ‘अठरावं शतक’ असं ठोकून दिलं. मालकीणबाई हसल्या आणि मला मागे घेऊन गेल्या. तिथे ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि मधल्या चौकटींत चक्क कूड! आपल्या कोकणातल्यासारखाच, काटक्या विणून वर माती लिंपलेला. वीट ही फॅशन झाल्यावर पुढून चढवलेला अंगरखा होता. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडात अशी घरं पुष्कळ. ससेक्स-केंटमध्ये तर हुबेहूब विटेसारखी दिसणारी कौलं भिंतीवर बसवून काम भागवलेलं आहे.

म्हणून आधी छपराकडे बघा. मोठं धुराडं मधोमध आणि बरोबर दाराच्या रेषेत असेल, तर घर बहुधा सतराव्या शतकातलं. दार उघडलं की समोर धुराड्याची भिंत, एका हाताला स्वयंपाकाची खोली, दुसऱ्या हाताला बैठक, आणि एकाच धुराड्याला पाठीला पाठ लावलेल्या दोन शेगोट्या. धुराडी दोन्ही टोकांच्या भिंतींवर असतील तर मध्ये जिना येतो. ती नंतरची पद्धत.

मग विटा. सिव्हिलच्या डिप्लोमाला इंग्लिश बॉंड, फ्लेमिश बॉंड (बॉंड म्हणजे विटा रचायची पद्धत) आपण घोकलेले असतात, ते इथे भेटतात. एक थर सगळा आडव्या विटांचा (विटेची लांब बाजू दिसते) आणि पुढचा नुसत्या तोंडांचा (विटेचं आखूड टोक दिसतं), तो इंग्लिश. एकाच थरात एक आडवी, एक तोंड, तो फ्लेमिश. लंडनच्या क्यू पॅलेसमध्ये (1631) तो दिसतो. शेतघरात बऱ्याचदा पुढे देखणा फ्लेमिश आणि बाजूला साधं काम. बैठकीत गालिचा, माजघरात सारवण!

जमलं तर विटेची जाडी मोजा. 1784 मध्ये विटांवर कर बसला, तोही हजारी नगावर. मग काय, लोकांनी विटाच मोठ्या पाडल्या. सरकारने 1803 मध्ये मोठ्या विटेवर दुप्पट कर लावला, आणि 1850 मध्ये कर गेला. जुन्या विटा दोन-सव्वादोन इंच जाड, नंतरच्या तीन इंचांच्या आसपास. पण एवढ्यावरून वर्ष सांगू नका, जुन्या विटा काढून पुन्हा वापरायची तिथे रीतच होती.

बुजवलेली खिडकी दिसली की सगळे खिडकी-कराचं (1696 ते 1851) नाव घेतात. काही खिडक्या मात्र केवळ जोडी जुळावी म्हणून पहिल्यापासूनच बंद बांधलेल्या असतात. पुढे दूधदुभत्याच्या आणि चीजच्या खोलीला या करातून सूट होती, म्हणून दारावर ‘डेअरी’ असं लिहून ठेवत. मागच्या बाजूला चक्कर माराल तेव्हा तेवढं दार शोधा.