ऑफिसात आणि शेजारात ख्रिस्ती म्हणून धीटपणे कसं जगायचं?

तुम्ही लिहिलंय की आडनावावरून तुमचा धर्म कोणाला कळत नाही आणि तुम्हीही सांगत नाही. पण रविवारी पाळकसाहेब ‘साक्ष द्या’, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल इतरांना सांगा, म्हणाले की मान खाली जाते. शिवाय धास्ती अशी की तोंड उघडलं तर ‘हा धर्मांतर करायला आलाय’ म्हणतील.

मी मूळचा नगरचा, सध्या भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांची आडनावं साळवे, गायकवाड, शिंदे, पवार अशीच, त्यामुळे गर्दीत मिसळून राहणं सोपं. म्हणून माझा पहिला सल्ला: आधी सांगून टाका. डबा खाता खाता, सहज. ‘मी ख्रिस्ती आहे, रविवारी सकाळी चर्चला असतो, तेव्हा फोन उचलत नाही.’ बस. जितका उशीर कराल तितकं हे वाक्य जड होत जातं. मग कोणीतरी बाटग्यांवर विनोद करतो, सगळे हसतात, आणि तुम्हालाही हसावं लागतं. ‘किती पैसे मिळाले रे?’ हा प्रश्न येणारच. मी म्हणतो, ‘चार पिढ्या झाल्या, अजून वाट बघतोय. मिळाले असते तर पीएमपीच्या बसनं आलो असतो का?’ विचारणारा हसतो आणि विषय तिथेच संपतो.

खरी परीक्षा खंडेनवमीला. आमच्याकडे आदल्या दिवशीच शॉप फ्लोअर धुऊन निघतं. मशिनला झेंडूच्या माळा, टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने ओळीनं मांडलेले, त्यांना हळदकुंकू. साफसफाईत मी सगळ्यांच्या पुढे असतो, माळा ओवतो, जेवणाची वर्गणी देतो. आरतीला मागे उभा राहतो, पण हात जोडत नाही. एकदा एका सुपरवायझरनं हटकलं, ‘काय साहेब, देवाला नमस्कार नाही?’ म्हटलं, ‘माझी प्रार्थना सकाळीच झाली, या मशिनवर काम करणाऱ्यांसाठीसुद्धा केली.’ तो ‘बरं बरं’ म्हणून नारळ फोडायला गेला. त्या क्षणी मूर्तिपूजेवर प्रवचन झोडलं असतं तर तो धीटपणा नसता, आगाऊपणा झाला असता.

प्रसादाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथ शहरातल्या मंडळीला नैवेद्याच्या मांसाबद्दल जे लिहिलंय (पहिलं पत्र, अध्याय 8 आणि 10) ते सावकाश वाचा. वाटतं तितकं ते सरळसोट नाही. आमच्याच घरात मी पेढा घेतो, बायको घेत नाही, आणि त्यावरून आम्ही भांडत नाही. अरामी सेनापती नामानाची गोष्टही वाचा, बायबलातलं 2 राजे, अध्याय 5. कोडातून बरा होऊन देवावर विश्वास ठेवल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा असावी. अलीशा त्याला झापत नाही, शांतीनं जा म्हणतो. आमच्या पुलपिटावरून दानिएलाची उघडी खिडकी दरवर्षी ऐकू येते, म्हणजे राजाची बंदी असूनही त्यानं खिडकी उघडी ठेवून प्रार्थना केली ती गोष्ट. नामानावर मात्र मी फारशी प्रवचनं ऐकलेली नाहीत.

माझ्या मते अवघड धीटपणा वेगळाच आहे. महिनाअखेर, गाडी गेटवर उभी, भागाचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मिलिमीटरच्या दोन शतांशानं मोठा, आणि वरून निरोप येतो, ‘रिपोर्टवर सही करून टाका, कोण बघतंय?’ येशूनं डोंगरावर सांगितलंय, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. तिथे मी सही करत नाही. आवाज न चढवता म्हणतो, ‘कस्टमरकडून डेव्हिएशन, म्हणजे एवढा फरक चालेल अशी लेखी परवानगी, मागवा, त्यांनी हो म्हटलं की पाठवू.’ याची किंमत मोजावी लागते, पगारवाढीच्या वेळी ते जाणवतं. आणि हे फक्त ख्रिस्ती माणसालाच जमतं असंही नाही. आमच्या लाइनवरचा माळकरी फिटर याबाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे. पण गळ्यात क्रूस घालून खोट्या रिपोर्टवर सही करणारेही मी पाहिलेत, आणि तेच चहाच्या टपरीवर साक्ष द्यायला सर्वांत पुढे असतात.

उदाहरणं हवीत तर आपल्याच मातीत आहेत. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, घरदार दुरावलं, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पण टिळकांनी ना मराठीपण सोडलं ना अभंग. पंडिता रमाबाई इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि तिथल्याच सिस्टरांशी (जोगिणींशी) धर्ममतांवरून वाद घालत राहिल्या, तिथेही शाकाहारी राहिल्या; पुढे 1896-97 च्या दुष्काळात मुली गोळा करून केडगावला ‘मुक्ती’ ही निराधार बायकामुलींची संस्था उभी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरवाईसाठी, विहिरींसाठी जमीनमाफियांशी भिडले. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर त्यांची निवड झाली तेव्हा केवळ ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून विरोध झाला, तरी ते व्यासपीठावर गेले. रमाबाईंचं मला जास्त पटतं, कारण त्या आपल्याच लोकांसमोरही नमल्या नाहीत. आपल्या मंडळीत लग्न जुळवताना हळूच मूळची जात विचारली जाते, तिथे ‘हे चालणार नाही’ म्हणायला जो दम लागतो, तो ऑफिसात लागणाऱ्या दमापेक्षा जास्त आहे.

एक मात्र सांगतो. दाखल्यावर हिंदू आणि रविवारी चर्चला, अशी माणसं तुम्हाला भेटतील. कदाचित तुमच्या घरातही असतील. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. पोराची फी आणि नोकरी त्या कागदावर अवलंबून असलेल्या बापाला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या पाळकसाहेबांनीही म्हणू नये.

धर्मांतराच्या धास्तीबद्दल: घटनेच्या कलम 25 नं धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य दिलंय. पण हाताखालच्या माणसाला, अडचणीतल्या माणसाला किंवा उसने मागायला आलेल्याला मी आपणहून धर्माबद्दल बोलत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही. येशूचा शिष्य पेत्र सांगतो तसं, कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवावं, आणि सौम्यपणे द्यावं. आजारी सहकाऱ्याला ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ एवढं विचारतो. आजवर कोणी नको म्हटलेलं नाही.

सुरुवात गुड फ्रायडेच्या रजेपासून करा. दरवर्षी पोट दुखतंय म्हणून सांगत असाल तर यंदा महिनाभर आधी लेखी अर्ज टाका आणि कारणाच्या रकान्यात ‘गुड फ्रायडेची उपासना’ असं लिहा. अर्ध्या दिवसाची टाकू नका. आमच्याकडे उपासना बारा ते तीन चालते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्यातला एखादा तरी वेळ पाळत नाही.