डेटा विकणाऱ्या कंपन्यांकडे माझी माहिती चुकीची असेल, तर माझं नुकसान काय?

तुम्ही पुढे असंही लिहिलंय, की माहिती चुकीची असली तर उलट बरंच, खरा मी लपलेला राहतो. मलाही तसंच वाटायचं.

मी रावेर तालुक्यातला, केळीवाला. काही वर्षांपूर्वी मृग बागेसाठी टिश्यूकल्चरची रोपं बुक केली आणि ठिबकच्या कर्जासाठी बँकेत गेलो. साहेबांनी स्क्रीनकडे बघतच विचारलं, "ट्रॅक्टरचं कर्ज का थकवलं?" म्हटलं, साहेब, मी नांगरटी भाड्याच्या ट्रॅक्टरनं करतो, माझा कुठला आला!

माझ्या जुन्या कर्जांची नोंद असलेल्या रिपोर्टची प्रिंट पाहिली. नाव माझं, बापाचं नाव माझ्याच बापाचं, जन्मतारीख १ जून. फक्त गाव शेजारच्या तालुक्यातलं. आमच्याकडे एकेका आडनावाची अख्खी गावं आहेत. आणि १ जून म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस; शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून टाकून मोकळे. त्या तारखेपायी कुणाचा तरी ट्रॅक्टर माझ्या नावावर चढला.

तो उतरवणं माझ्याच गळ्यात. बँक म्हणाली, रिपोर्टवाल्या कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जा. संस्थेतला पोरगा म्हणाला, खाते नंबर सांगा. अरे भो, ते खातं माझं नाही हीच तर तक्रार आहे! दीड महिना गेला. रोपं थांबत नाहीत, म्हणून एका नातेवाइकाकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलले.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २०११ साली सर्जिओ रामिरेझ नावाचा माणूस गाडी घ्यायला गेला, तर ट्रान्सयुनियन या तिथल्या रिपोर्टवाल्या कंपनीच्या रिपोर्टात त्याचं नाव सरकारच्या अतिरेकी-तस्करांच्या यादीशी जुळत असल्याचा शेरा. जुळवलं होतं फक्त नाव आणि आडनाव. शोरूमनं त्याला गाडी विकली नाही, शेवटी बायकोच्या नावावर घेतली. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, निकाल २०२१ मध्ये.

तुम्ही एवढं करा. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण देशात कर्जाचे असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. एकीकडे चूक दुरुस्त झाली म्हणून बाकीच्यांकडे झाली असं धरू नका. तक्रार ऑनलाइन करा, सोबत पॅन जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या वेळी तो नव्हता. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

हे झालं कर्जाच्या रिपोर्टचं, तिथं निदान दार ठोठावता येतं. फोन नंबरांच्या याद्या विकणाऱ्यांचं दारच सापडत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे, पण ती कुणाकडे आहे हे कळलं तर ना! माझा रिपोर्ट कधीच स्वच्छ झाला. ट्रॅक्टरच्या विम्याचे फोन मात्र अजून येतात.