वाचक विचारतात : बीजिंगचं स्टेशन नेमकं कुठलं?

प्रश्न : तिआनमेन चौकाच्या फोटोंत आग्नेय कोपऱ्याला घड्याळाचा मनोरा असलेली, युरोपी धाटणीची जुनी स्टेशन-इमारत दिसते. राजवाड्याच्या इतक्या जवळ स्टेशन बांधायला परवानगी कशी मिळाली? आणि आता तिथून गाड्या का सुटत नाहीत? — वाचक, मडगाव

उत्तर : परवानगी राजीखुशीने मिळालेली नाही. चिनी दरबाराला शहराच्या तटाच्या आत रेल्वे नकोच होती. म्हणून तिआनजिनकडून आलेला लोहमार्ग १८९७ मध्ये माजियापूला, म्हणजे दक्षिण तटाच्या बाहेर, थांबवला गेला. तिथून योंगदिंगमेन वेशीपर्यंत १८९९ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. पुढच्याच वर्षी परदेशीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावात स्टेशन आणि ट्राम दोन्हींची राख झाली. उठाव मोडायला आलेल्या परदेशी फौजांनी मग तट फोडून रूळ आत नेले आणि ते झेंगयांगमेन वेशीपाशी आणून टेकवले. जागा आंधळेपणाने निवडलेली नव्हती. परदेशी वकिलातींची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती, आणि उठावात वकिलातींना पडला तसा वेढा पुन्हा पडलाच तर कुमक थेट दाराशी उतरवता येणार होती. तुम्ही फोटोत पाहता ती इमारत १९०६ ची, झेंगयांगमेन पूर्व स्टेशनची. वेशीच्या पलीकडच्या अंगाला दक्षिणेकडच्या हानकोउ शहराला जाणाऱ्या मार्गाचं वेगळं पश्चिम स्टेशन होतं. हानकोउहून येऊन तिआनजिनकडे जाणाऱ्याला सामानासकट वेशीच्या या अंगाहून त्या अंगाला जावं लागे.

गंमत अशी की उठावाच्या धामधुमीत पळून गेलेली राजमाता सिशी शिआनहून १९०२ च्या जानेवारीत राजधानीत परतली, तेव्हा शेवटचा टप्पा तिने आगगाडीनेच केला आणि ती माजियापूला उतरली.

१९५९ मध्ये पूर्वेला नवं स्टेशन झालं आणि गाड्या तिकडे गेल्या. जुन्या इमारतीत आता चीनच्या रेल्वे संग्रहालयाची शाखा आहे.

प्रश्न : ते १९५९ चं स्टेशन आठ महिन्यांच्या आत उभं राहिलं असं वाचलं. हे खरं मानायचं का? — वाचक, म्हापसा

उत्तर : मानायला हरकत नाही. काम २० जानेवारी १९५९ ला सुरू झालं, १० सप्टेंबरला संपलं आणि १५ सप्टेंबरला वाहतूक सुरू झाली. जनता प्रजासत्ताकाच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी राजधानीत ज्या दहा मोठ्या इमारती बांधल्या, त्यांतली ही एक. त्यामुळे सिमेंट, पोलाद, माणसं यांत तिला अग्रक्रम होता. आराखड्यात वास्तुविशारद यांग तिंगबाओ यांचा मोठा वाटा. मधल्या दालनावर ३५ मीटर बाय ३५ मीटरचं पातळ काँक्रीटचं कवच आहे. दुहेरी वक्रतेमुळे ते स्वतःचा भार कडांकडे ढकलतं, म्हणून मध्ये एकही खांब लागत नाही. सरकते जिने चीनमध्ये बनलेले पहिलेच. दोन्ही मनोऱ्यांवरची घड्याळं तासाला ‘पूर्व लाल आहे’ या गाण्याची धून वाजवतात आणि पाटीवरची अक्षरं माओंच्या हातची आहेत.

घाई बांधकामाला नडली नाही, नडली ती जागा. दक्षिणेला मिंगकालीन तटाचे अवशेष, बाकी बाजूंना दाट शहर. गर्दी वाढली तेव्हा फलाट वाढवायला वावच उरला नव्हता. म्हणून १९९६ मध्ये बीजिंग पश्चिम स्टेशन आलं. त्याच्या डोक्यावर चढवलेला अवाढव्य वेशीचा मनोरा आम्हाला तरी अनावश्यक वाटतो. प्रवाशाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि या दोन मोठ्या स्टेशनांना जोडणारा थेट लोहमार्ग २०१५ पर्यंत नव्हता! वर जागा नसल्याने तो शेवटी बोगद्यातून न्यावा लागला.

प्रश्न : आमच्या कुळे–कॅसलरॉक घाटात मागून बँकर इंजिनं लावतात. चीनमध्ये असा घाट आहे का? — वाचक, कुळे

उत्तर : आहे, आणि तो बीजिंगच्या दारातच आहे. बीजिंग उत्तर स्टेशन, म्हणजे पूर्वीचं शिझिमेन, ज्या झांगजियाकोउ मार्गावर आहे तो १९०५ ते १९०९ मध्ये चिनी अभियंते झान तिआन्यो यांनी परदेशी अभियंत्यांविना बांधला. तुमच्या कुळे–कॅसलरॉकच्या, म्हणजे ब्रागांझा घाटाचा चढ ३७ ला १ (३७ मीटरांत १ मीटर). तिथला ३० ला १, म्हणजे त्याहून उभा. गाडीला पुढे एक, मागे एक इंजिन. चिंगलोंगचिआओ स्टेशनात गाडी एका फाट्यावर चढून थांबते, सांधा बदलतो, आणि मागचं इंजिन पुढचं होऊन गाडी उलट्या दिशेने दुसरा चढ चढते. खंडाळ्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन ज्यांनी ऐकलं-वाचलं आहे त्यांना हे लगेच उमगेल. या युक्तीमुळे बादालिंगचा बोगदा १,०९१ मीटरांत भागला. तो लवकर उरकावा म्हणून डोंगरावरून उभ्या विहिरी खणून आतूनही दोन्हीकडे खोदकाम केलं. तोटा असा की फाटा जेवढा लांब तेवढीच गाडी लांब, आणि दर फेरीला थांबण्यात वेळ जातो. २०१९ च्या वेगवान मार्गाने हा खटाटोप टाळला. त्याचं बादालिंग स्टेशन जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर आहे.

प्रश्न : व्यापाराच्या कामासाठी बीजिंगहून शांघायला जायचं आहे. कुठल्या स्टेशनावर जावं, आणि काय सांभाळावं? — वाचक, फोंडा

उत्तर : आधी तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. नुसतं ‘बीजिंग’ म्हणजे १९५९ चं स्टेशन. शांघायच्या वेगवान गाड्या मुख्यतः बीजिंग दक्षिणहून सुटतात. तिकिटावर नावापुढे ‘नान’ दिसेल. ‘शी’ म्हणजे पश्चिम, तिथून ग्वांगझोउची दिशा. २०२१ पासून चाओयांग आणि २०२२ पासून दुमजली फेंगताई हीही मोठी स्टेशनं आहेत. चुकीच्या स्टेशनावर पोहोचलात तर शहर ओलांडण्यात गाडी हमखास चुकते.

दक्षिण स्टेशनात १३ फलाट आहेत. शांघाय १,३१८ किलोमीटर, आणि सर्वांत वेगवान गाडी साधारण साडेचार तासांत पोहोचते. विक्री सहसा १५ दिवस आधी उघडते. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं, तेव्हा बुकिंगला दिलेला तोच पासपोर्ट हातात ठेवा. यंत्राने तो वाचला नाही तर शेजारच्या माणूस असलेल्या रांगेत जा. स्टेशनात शिरतानाच ओळख आणि सामान दोन्ही तपासतात, म्हणून तासभर आधी पोहोचा. आपल्याकडे धावत येऊन डबा गाठता येतो, तिथे फलाटाचं फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधीच बंद होतं.

सामान माणशी २० किलो. वेगवान गाडीत बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १३० सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. सुरी बॅगेत ठेवू नका. भेट म्हणून फेणी न्यायची असेल तर सीलबंद आणि स्पष्ट लेबल असलेली बाटलीच घ्या. ७० टक्क्यांहून अधिक मद्यार्काची किंवा लेबल नीट न वाचता येणारी दारू गाडीत नेता येत नाही, आणि घरच्या बाटलीत भरलेली हुर्राक तर तपासणीतच काढून घेतील.