बोअरमध्ये सोडण्याआधी मोटरच्या पोटात पाणी आहे का ते बघा

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्याच्या तुमच्या सोसायटीत बोअरची मोटर वर्षभरही टिकली नाही, सर्व्हिस सेंटरने 'ड्राय रन' (म्हणजे बोअरमध्ये पाणी नसताना चालवली) लिहून हात वर केले आणि आता रविवारी फिटर नवा थ्री-फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा पंप, खाली मोटर जोडलेला) सोडणार आहे. वाचून राहवलं नाही. इथे घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत हेच झालं होतं, कागदावरचे शब्दसुद्धा हेच.

एचपी, हेड (पाणी किती उंच चढवायचं ते), केबलची जाडी हे सगळं बघून घेतलं असेल असं धरतो. मी इलेक्ट्रिशियन नाही, सोसायटीचं पाणी बरीच वर्षं सांभाळतोय एवढंच. मोटरसोबत आलेली पुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचंच ऐका.

आधी मोटर पाण्याने भरायची आहे की ऑइलची, ते पुस्तिकेत बघा. ऑइलची असेल तर मोटरच्या भरायच्या बुचाला हात लावू नका. पाण्याची असेल तर आतल्या वाइंडिंगच्या (गुंडाळीच्या) तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, तिला पाण्याने काही होत नाही. उलट तेच पाणी वाइंडिंगची उष्णता बाहेर नेतं आणि बेअरिंगला वंगण म्हणून लागतं. पंप वर पाणी ढकलतो तेव्हा त्याचा सगळा दाब खाली मोटरच्या थ्रस्ट बेअरिंगवर (हा दाब पेलणाऱ्या बेअरिंगवर) येतो. आत पाणी कमी असेल तर बोअर तुडुंब असूनही ते बेअरिंग कोरडं घासतं.

आमच्या फिटरला मी बूच उघडायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "साहेब, कंपनीतून भरूनच येते, सील तोडलं तर वॉरंटी जाईल." काही मोटरी भरून येतात हे खरं, पण गोडाऊनमध्ये महिनोन्‌महिने आडवी पडून राहिली की त्यातलं पाणी कमी होऊ शकतं. आणि सोडण्याआधी पाणी तपासून भरा, हे आमच्या मोटरच्या पुस्तिकेतच छापलेलं होतं. त्याने मोटर तशीच सोडली आणि ती ऐन उन्हाळ्यात गेली.

त्यानंतर जे झालं त्याचा राग अजून आहे. सेंटरचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी आमच्या माघारी मोटर उघडली आणि एका ओळीचा रिपोर्ट दिला. मोटर खरोखर बोअरमध्ये पाणी नसताना चालली असती तर आधी पंप गेला असता. त्याचे इम्पेलर (पाणी ढकलणारी चाकं) आणि बुश पाण्यावरच फिरतात, पाणी नसेल तर तेच तापून खराब होतात. आमचा पंप हाताने मोकळा फिरत होता. पॅनेलमधला ड्राय-रन रिले (पाणी संपलं की मोटर बंद करणारा) एकदाही ट्रिप झाला नव्हता. खराब झालं होतं ते फक्त थ्रस्ट बेअरिंग आणि वाइंडिंग. हे सगळं लेखी दिलं, तरी उत्तर तेच, कारण सोडताना मोटरमध्ये पाणी नव्हतं हे दाखवायला आमच्या हातात काही नव्हतं. नव्या मोटरचे पैसे आणि टँकरचे पैसे, दोन्ही सभासदांच्या खिशातून गेले. म्हणून सांगतो, तुमची जुनी मोटर अजून त्यांच्याकडे असेल तर 'पंप आणि मोटर दोन्ही आमच्यासमोर उघडा' असं लेखी मागा.

रविवारी मोटर उभी धरून बूच काढायला लावा. पिण्याचं स्वच्छ पाणी काठोकाठ भरा. बोअरचं नको, नवी मुंबईत खाडीजवळ तर अजिबात नको. मोटर हलकेच हलवा, बुडबुडे येत राहतील. अर्धा तास थांबून परत भरा, मग बूच घट्ट करा. घाई करणाऱ्या फिटरला चहा पाजा, पण हा अर्धा तास सोडू नका. सगळ्याचा व्हिडिओ काढा, नेमप्लेटचा नंबर त्यात दिसू दे.

मग पंप मोटरवर बसवायचा. कपलिंग नीट बसलं पाहिजे, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि जाळी लावण्याआधी शाफ्ट फिरवून बघायचा. कुठे अडकत असेल तर तिथेच थांबा. 'जरा चालवून बघू' म्हणून जमिनीवर कोरडा पंप सुरू करू देऊ नका.

केबलचा जॉइंट ही दुसरी जागा, जिथे माझा कुणावरच विश्वास नाही. तिन्ही वायरींचे जोड एकाच रेषेत नकोत, पुढेमागे असावेत. आधी रबर टेप, त्यावर पीव्हीसी टेप. नुसती काळी टेप गुंडाळलेली चालणार नाही. जॉइंट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) रीडिंग घ्या. पाइप उतरवताना दर दोन-तीन पाइपांनी परत घ्या, केसिंगच्या (बोअरच्या तोंडाच्या पाइपच्या) काठावर केबल सोलली तर तिथेच कळेल. मेगर लावताना पॅनेल जोडलेलं नको. माझा आपला नियम असा आहे: मोटर खाली बसल्यावर केबलसकट २ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर वर काढायची. सगळे आकडे चलनावर लिहून फिटरची सही घ्या.

तुमच्या भागासाठी एक जादाचं: पाणी खारट असेल तर क्लॅम्प आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे लोखंडी गंजून पंपच खाली जाईल. तळाला टेकवू नका, काही मीटर वर ठेवा, नाहीतर गाळ मोटरभोवती बसून ती तापते. सुरू केल्यावर पाणी कमी वाटलं तर बंद करून दोन फेज अदलाबदल करून बघा, मोटर उलटी फिरत असेल. रस्त्यातली केबल दुरुस्त झाल्यावरही कधीकधी फेज उलटतात, म्हणून पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले (फेज उलटले तर मोटर सुरू होऊ न देणारा) नसेल तर बसवून घ्या.

नेमप्लेटचा आणि जॉइंटचा फोटो इथे टाकलात तर शनिवारी रात्रीपर्यंत बघून सांगतो.