उधारीची वसुली: समरी दावा लावू की साधा, आणि हे कोर्ट ठरवतं का?

प्रश्न असा: दुकानदाराला २,७५,००० रुपयांचा माल उधार दिला, वर्ष झालं, बिलावर १८ टक्के व्याज छापलंय. समरी (म्हणजे कागदांच्या जोरावर झटपट निकाल मागणारा दावा) लावावा की साधा?

कोर्ट ठरवत नाही. इंग्लंडमध्ये प्रतिवादीचा जबाब आला की न्यायालय दोघांकडून प्रश्नावली भरून घेतं आणि दावा कुठल्या रांगेत चालेल ते स्वतः सांगतं. आपल्याकडे रांग वादी निवडतो, म्हणजे खरं तर त्याचा वकील. चुकली तर भुर्दंड पक्षकाराला. "सरळ समरी ठोका" हा बार रूममधला सल्ला मला कधीच पटला नाही, कारण तो देणारे आधी आकडेमोड करत नाहीत.

तुमचीच करू. १८ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४९,५००. एकूण ३,२४,५००. व्यावसायिक न्यायालय कायद्यात दावा दाखल करायच्या दिवसापर्यंतचं मागितलेलं व्याज धरून रक्कम मोजतात, आणि २०१८च्या दुरुस्तीनंतर मर्यादा ३ लाखांची आहे. म्हणजे मुद्दल तीन लाखांच्या आत असूनही तुमचा वाद कमर्शिअल, म्हणजे या कायद्याखालचा, झाला. मग याच कायद्याचं कलम १२-अ आडवं येतं: तातडीचा अंतरिम मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी, नंतर दावा. समरीलाही यातून सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात (ऑगस्ट २०२२) ही अट सक्तीची ठरवली; ती टाळली तर वादपत्रच नामंजूर होतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना १ मध्ये अर्ज, फी १,००० रुपये. समोरचा फिरकलाच नाही तर तसा अहवाल मिळतो, तो वादपत्राला जोडायचा. मध्यस्थीत गेलेले दिवस दावा लावायच्या मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे ती भीती नको.

आता समरी. त्याचा नियम म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७; तो कागदावर चालतो, बाजू किती खरी आहे त्यावर नाही. हुंडी, प्रॉमिसरी नोट, किंवा लेखी करारातून निघणारी ठरलेली रक्कम हवी. नुसतं तुमच्या कॉम्प्युटरवरचं बिल पुढे करून लेखी करार म्हणाल तर पहिला वाद तिथेच. खरेदीदाराची ऑर्डर, बिलाच्या प्रतीवर पोच, सही-शिक्का, अटी त्याच पानावर असतील तर बसतं. त्याने त्या बिलावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर माल पोचल्याचा तोही चांगला पुरावा. वादपत्रात "आदेश ३७ खाली दाखल" असं स्पष्ट विधान, दावा क्रमांकाखाली तशी नोंद, आणि नियमाबाहेरची कुठलीही मागणी केलेली नाही हे वाक्य लागतं. सोबत "धंद्याचं नुकसान ५० हजार" घुसडलंत की समरीची चौकट मोडली.

समन्स बजावल्यापासून १० दिवसांत त्याने हजेरी लावायची. मग तुम्ही शपथपत्रासह निकालासाठीचं समन्स बजावता, आणि पुन्हा १० दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायची. सगळी लढाई इथेच. माल खराब असल्याचा त्याचा ईमेल तुमच्या नोटिशीच्या आधीचा असेल तर बहुधा बिनशर्त परवानगी मिळते, आणि मग समरी हा साधा दावाच उरतो. तक्रार पहिल्यांदा नोटिशीच्या उत्तरातच उगवली असेल तर रक्कम भरण्याची अट पडू शकते.

म्हणून पोच नसेल तर मी साधा कमर्शिअल दावाच लावीन. तिथे लेखी जबाबाला १२० दिवसांची कडक मर्यादा आहे. त्यानंतर जबाब देण्याचा हक्क जातो. नेहमीच्या दाव्यात ९० दिवसांची मुदत कोर्ट सैल सोडतं. समरीवाले हा फायदा हिशोबातच धरत नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. उधारीची मुदत ठरली नसेल तर दावा लावायची तीन वर्षं माल दिल्याच्या तारखेपासून मोजतात, शेवटच्या नोटिशीपासून नव्हे. आणि तुम्ही उद्यम नोंदणीवाले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर सुलभीकरण परिषदेचा (लहान उद्योगांची थकबाकी वसूल करून देणाऱ्या सरकारी मंडळाचा) वेगळा रस्ता आहे. निव्वळ घाऊक व्यापारी असाल तर त्याच्या भरवशावर राहू नका. कागद पाहिल्याशिवाय मी यापुढे काही सांगणार नाही.